हास्यवायूचा घातक नाद आणि पुन्हा उभे राहण्याचा मार्ग

(संस्थेच्या विद्यार्थी मार्गदर्शन मेळाव्यात केलेले भाषण)



प्रथमच सांगतो की मी डॉक्टर नाही. मी कला शाखेचा पदवीधर असून बँकेत कारकून आहे. मग असा माणूस मज्जारज्जूच्या आजारावर बोलायला का उभा राहिला, असा प्रश्न आपल्या मनात येणे साहजिक आहे.

त्याचे कारण माझ्या टेबलावर आहे. शैक्षणिक कर्जाची प्रकरणे माझ्याकडे येतात. आपल्या समाजातील मुले-मुली आता शिष्यवृत्ती मिळवून, कर्ज काढून इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, आयर्लंड येथे शिकायला जात आहेत. ही अभिमानाची गोष्ट आहे. मुलाबरोबर आई-वडील बँकेत येतात. फी किती, पौंडाचा भाव काय, हप्ता केव्हा सुरू होणार, जामीनदार कोण लागेल, सगळे विचारतात. तिथे मुलाची संगत कशी असेल आणि एखाद्या रात्री कोणी त्याच्या हातात काय ठेवील, हे मात्र कोणी विचारीत नाही. कर्जाच्या अर्जात त्यासाठी रकाना नसतो.

आमच्या शाखेतील एका सहकाऱ्याचा भाचा असाच इंग्लंडला शिकायला गेला होता. २०२३ साली तो परत आला तेव्हा विमानतळावर त्याला चाकाच्या खुर्चीतून बाहेर आणावे लागले. अपघात झाला नव्हता. दारू तो पीत नव्हता. त्याला इजा झाली होती ती फुग्यातल्या वायूमुळे. त्या मुलाच्या परवानगीने, परंतु त्याचे नाव न सांगता, मी आज बोलणार आहे. "माझे ऐकून एकाने जरी फुगा खाली ठेवला तरी पुरे," असे त्याने मला सांगितले आहे.

या वायूचे नाव नायट्रस ऑक्साइड. मराठीत आपण त्याला हास्यवायू म्हणतो. तो नवा नाही. इंग्रज शास्त्रज्ञ जोसेफ प्रीस्टली याने १७७२ साली तो प्रथम तयार केला. १७९९ साली ब्रिस्टल येथे हम्फ्री डेव्ही या तरुण रसायनशास्त्रज्ञाने तो स्वतः हुंगून पाहिला आणि मित्रांनाही हुंगावयास दिला. या वायूने वेदना जाणवेनाशा होतात, तेव्हा शस्त्रक्रियेत त्याचा उपयोग होऊ शकेल, हे डेव्हीने १८०० सालीच लिहून ठेवले होते. परंतु पुढची चाळीस-पंचेचाळीस वर्षे त्याकडे कोणी लक्ष दिले नाही. लोक तो जत्रेत आणि खेळात गंमत म्हणून हुंगत राहिले.

१८४४ च्या डिसेंबरात अमेरिकेतील हार्टफर्ड गावी असाच एक खेळ चालला होता. वायू हुंगलेल्या एका माणसाच्या पायाला जबर मार लागला, पण त्याला त्याचा पत्ताच नव्हता. प्रेक्षकांत होरेस वेल्स नावाचा दंतवैद्य होता. त्याने ते नेमके हेरले आणि दुसऱ्याच दिवशी हा वायू घेऊन स्वतःचा दात काढून घेतला. शस्त्रक्रियेतील भूल देण्याच्या इतिहासाचे हे एक मोठे पान आहे. पुढे हाच वेल्स क्लोरोफॉर्मचे प्रयोग करता करता ते हुंगण्याच्या आहारी गेला, आणि १८४८ च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या तुरुंगात त्याने आपले जीवन संपविले. ज्याने वायूचा गुण जगाला दाखविला, त्यालाच हुंगण्याच्या नादाने गिळले.

येथे एक गोष्ट स्पष्ट करतो, म्हणजे गैरसमज होणार नाही. दवाखान्यातला हा वायू आपला शत्रू नाही. भूलतज्ज्ञ तो प्राणवायूबरोबर, मोजून, रुग्णावर नजर ठेवून देतात. अनेक देशांत बाळंतवेणा सुसह्य व्हाव्यात म्हणून निम्मा प्राणवायू आणि निम्मा हास्यवायू असे मिश्रण स्त्रियांना दिले जाते. आपल्या आरोग्यासाठी, थोड्या वेळेपुरते आणि जाणकाराच्या हातून दिलेले औषध वेगळे. मौजेखातर, पुन्हा पुन्हा, प्राणवायूवाचून हुंगलेला वायू वेगळा.

हा वायू मुलांच्या हाती येतो कुठून? केकवरील क्रीम फुगविण्यासाठी हॉटेलांतून आणि बेकऱ्यांतून तो वापरतात. त्यासाठी बोटाएवढ्या धातूच्या नळकांड्या मिळतात. एकेका नळकांडीत साधारण ८ ग्रॅम वायू असतो. तो फुग्यात भरायचा आणि फुग्यातून ओढायचा. नशा एखादे-दोन मिनिटे टिकते. डोके हलके होते, आवाज दूरून आल्यासारखे वाटतात, हसू येते आणि संपते. संपते म्हणून दुसरा फुगा. दुसरा संपतो म्हणून तिसरा. ब्रिटनमधील उद्यानांत आणि फुटपाथवर या रिकाम्या नळकांड्यांचा खच पडू लागला. त्यानंतर बाजारात अर्ध्या किलोहून अधिक वायू भरलेले मोठे सिलिंडर आले, आणि तिथूनच दुखणे वाढले. नळकांडी मोजता येते, पण सिलिंडरमधून किती फुगे भरले याचा हिशेब राहत नाही.

सरकारे स्वस्थ बसली नाहीत. नेदरलँड्सने १ जानेवारी २०२३ पासून या वायूचा मौजेसाठी वापर, विक्री आणि बाळगणे यांवर बंदी घातली. गाडी चालविताना फुगे ओढणाऱ्यांचे अपघात हे त्यामागचे एक कारण होते. ब्रिटनने ८ नोव्हेंबर २०२३ पासून हा वायू आपल्या १९७१ च्या अंमली पदार्थांच्या कायद्यात 'सी' वर्गात घातला. नशेसाठी तो बाळगल्यास २ वर्षांपर्यंत आणि विकल्यास १४ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सरकारच्याच तज्ज्ञ सल्लागार मंडळाने त्या वर्षीच्या मार्च महिन्यात असे करू नये, अशी शिफारस केली होती, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. शिक्षेच्या भीतीने आजारी मुले डॉक्टरपासून लपतील, अशी शंका तेथील अनेकांना वाटत होती. कायदा असावा की नसावा हा आपला आजचा विषय नाही. परदेशी शिकणाऱ्या मुलाने मात्र एवढे ध्यानात ठेवावे की, गुन्हा नोंदला गेला तर त्याचा परिणाम व्हिसावर आणि पुढच्या नोकरीवर होऊ शकतो.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. हसविणारा वायू माणसाला पांगळा कसा करतो?

आपल्या शरीराला बी-१२ नावाचे जीवनसत्त्व लागते. लागते किती? दिवसाला दोन-अडीच मायक्रोग्रॅम. एका ग्रॅमचे दहा लाख भाग केले तर त्यांतले दोन-अडीच भाग! एवढ्याशा वस्तूवर आपल्या मज्जातंतूंचे आवरण अवलंबून असते. विजेच्या तारेवर जसे रबराचे वेष्टण असते, तसे मज्जातंतूंवर एक स्निग्ध आवरण असते. वेष्टण शाबूत असेल तर वीज नीट वाहते. ते झिजले की दिवा फडफडतो आणि शेवटी विझतो. हे आवरण नीट राखण्यासाठी शरीरात जी रासायनिक क्रिया सतत चालू असते, तिला बी-१२ लागते. बी-१२ च्या मध्यभागी कोबाल्ट या धातूचा एक अणू असतो. नायट्रस ऑक्साइड त्या कोबाल्टवरच घाला घालतो आणि ते जीवनसत्त्व निकामी करून टाकतो. मग आवरणाची दुरुस्ती थांबते. त्याच वेळी रक्तात होमोसिस्टीन नावाचा पदार्थ साचू लागतो.

हे मला पटकन समजले ते बँकेच्या भाषेत. समजा, एखाद्याच्या खात्यावर पैसे शिल्लक आहेत, पण खाते गोठविलेले आहे. पासबुकात आकडा दिसतो, परंतु पैसे काढता येत नाहीत. या रुग्णांचे तसेच होते. रक्त तपासले तर बी-१२ चा आकडा कधी कधी व्यवस्थित दिसतो आणि घरचे म्हणतात, "रिपोर्ट तर चांगला आहे." पण ते बी-१२ गोठलेले असते. म्हणून जाणकार डॉक्टर त्या एका आकड्यावर विसंबत नाहीत. होमोसिस्टीन आणि मिथिलमॅलोनिक आम्ल यांचीही तपासणी करतात, मानेचा व पाठीचा एम.आर.आय. काढतात, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे रुग्णाला विचारतात, "तू फुगे ओढतोस का?"

हे ज्ञान काही आजचे नाही. १९५६ साली डेन्मार्कमधील डॉक्टरांनी धनुर्वाताच्या रुग्णांना दिवसचे दिवस हा वायू दिला असता त्यांच्या हाडांतील मगजात रक्तपेशी तयार होणे मंदावल्याचे नोंदविले. १९७८ साली लेझर नावाच्या अमेरिकन मज्जातज्ज्ञाने १५ रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. हातापायांना बधिरपणा, चालताना तोल जाणे अशा त्यांच्या तक्रारी होत्या. हे रुग्ण बहुतेक दंतवैद्य होते. सिलिंडर त्यांच्या हाताशी होता आणि त्यांतले बरेचसे स्वतःच तो हुंगत होते. शिक्षण आणि ज्ञान असले म्हणजे माणूस नशेपासून आपोआप वाचतो, असे नाही, हे त्यावरून दिसते.

२०२३ साली लंडन, बर्मिंगहॅम आणि मँचेस्टर येथील शंभराहून अधिक रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. बहुसंख्य रुग्ण विशीच्या आसपासचे होते आणि त्यांत आशियाई वंशाच्या मुलांचे प्रमाण मोठे होते. ज्या वयात चालायचे, धावायचे, कमवायचे, त्या वयात ही मुले भिंतीला धरून उभी होती.

लक्षणे कोणती, हे विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी नीट ऐकावे. सुरुवात बहुधा पायांच्या बोटांपासून होते. दोन्ही पायांना मुंग्या येतात आणि मग बधिरपणा हळूहळू वर चढतो. हातांच्या बोटांनाही मुंग्या येतात. शर्टाची बटणे लावणे, किल्ली कुलपात घालणे जड जाते. चालताना कापसावर पाय पडतो आहे असे वाटते. मान खाली वाकविली की पाठीतून विजेचा झटका गेल्यासारखे होते. अंधारात तोल जातो. तोंड धुताना डोळे मिटले की माणूस बेसिनवर झुकतो. याचे कारण असे की, पाय कुठे आहेत ही खबर मेंदूकडे नेणारा मज्जारज्जूचा मागचा भाग दुखावलेला असतो, आणि रुग्ण केवळ डोळ्यांच्या आधारावर उभा असतो. डोळे मिटले की तो आधारही जातो. पुढे पायांतील शक्ती कमी होते आणि काहींचे लघवीवरील नियंत्रण सुटते. विसराळूपणा, उदासपणा, भ्रम असेही त्रास होतात.

शिवाय तात्काळ धोके आहेतच. प्राणवायू न मिळाल्याने शुद्ध हरपून जीव जाऊ शकतो. सिलिंडरमधून सुटणारा वायू इतका थंड असतो की ओठ, घसा भाजल्यासारखे होतात. मांड्यांमध्ये सिलिंडर धरून फुगे भरणाऱ्यांच्या मांडीची कातडी करपल्याच्या नोंदी तिकडच्या रुग्णालयांत झाल्या आहेत. काहींच्या रक्तवाहिन्यांत गुठळ्याही झाल्या आहेत.

आता त्या मुलाची हकीकत सांगतो. पहिला फुगा त्याने एका वाढदिवसाला ओढला. दारू नको म्हणणाऱ्याला मित्र म्हणाले, "अरे, ही काही दारू नाही. दवाखान्यात लहान मुलांनाही देतात." पुढे परीक्षेचा ताण, रात्रीची नोकरी, थंडी आणि एकटेपणा. शनिवारचा फुगा रोजचा झाला, आणि खोलीत मोठा सिलिंडर आला. पायांना मुंग्या आल्या तेव्हा त्याला वाटले, उभ्याने काम करून येत असतील. दुकानातून शक्तीच्या गोळ्या आणून खाल्ल्या. फुगेही चालूच होते. त्यामुळे एका हाताने भरणा आणि दुसऱ्या हाताने उचल, असा व्यवहार झाला. एके दिवशी जिन्यावरून पडला, आणि उठायला गेला तर पाय ऐकेनात.

रुग्णालयात डॉक्टरांनी विचारले तेव्हा तो आधी गप्प राहिला. पोलिसांना कळेल, घरी कळेल, ही भीती. शेवटी एका नर्सबाईंनी समजावून विचारल्यावर त्याने खरे सांगितले आणि त्याच दिवशी उपचार सुरू झाले. विद्यार्थी मित्रांनो, हे लक्षात ठेवा. या आजारात खरे बोलणे हे औषधाइतकेच महत्त्वाचे आहे. इंग्लंडला जाणारा विद्यार्थी व्हिसा घेतानाच आरोग्य अधिभार भरतो, म्हणून तेथील सरकारी रुग्णालयात त्याच्यावर उपचार होतात. लाजेपायी किंवा खर्चाच्या धास्तीने घरी बसू नये.

उपचाराची पहिली पायरी म्हणजे वायू पूर्ण बंद करणे. "थोडा कमी करतो" हे येथे चालत नाही, कारण फुगा चालू असेल तर दिलेले बी-१२ पुन्हा निकामी होते. दुसरी पायरी म्हणजे बी-१२ ची इंजेक्शने. ब्रिटनमध्ये हायड्रॉक्सोकोबालामिनचे १ मिलिग्रॅमचे इंजेक्शन दिवसाआड देतात आणि प्रकृतीत सुधारणा होत राहील तोवर चालू ठेवतात. संशय बळकट असेल तर सगळे रिपोर्ट येईपर्यंत थांबत नाहीत, कारण गेलेला दिवस मज्जारज्जूला महाग पडतो. फॉलिक ॲसिडच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. बी-१२ न देता नुसते फॉलिक ॲसिड दिल्यास रक्त सुधारल्यासारखे दिसते, परंतु मज्जातंतूंची हानी वाढू शकते. हे सर्व डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावयास हवे.

तिसरी पायरी पुनर्वसनाची. माझ्या मते खरी परीक्षा इथे आहे. इंजेक्शनाने झीज थांबते, पण चालणे इंजेक्शनातून येत नाही. ते पुन्हा शिकावे लागते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंकेल नावाच्या स्विस डॉक्टराने, पायांची जाणीव गेलेल्या रुग्णांसाठी काही व्यायाम बसविले होते. ते आजही शिकविले जातात. त्यामागचा विचार साधा आहे. पायाची खबर मेंदूला आपोआप मिळत नसेल, तर डोळ्यांनी पाहून, मनात मोजून, सावकाश पाय हलवायचा. प्रथम अंथरुणावर पडून टाच सरकवायची, मग खुर्चीत बसून जमिनीवर आखलेल्या खुणेवर पाऊल ठेवायचे, मग दोन दांड्यांना धरून उभे राहायचे, आणि शेवटी आखलेल्या पावलांवर पाऊल टाकीत चालायचे. जोर लावायचा नाही, नेमकेपणा साधायचा. रोज, न चुकता.

त्या मुलाला भारतात आणल्यावर एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी हेच व्यायाम सुरू केले. त्याच्या आईने घरातल्या फरशीवर खडूने पावले काढली. संध्याकाळी बाप लेकाच्या शेजारून चालायचा. पाऊल खाली लोंबते म्हणून पोटरीला प्लास्टिकची पट्टी बांधली. न्हाणीघरात हात धरायला दांडी बसविली, रात्री दिवा चालू ठेवला, पायांत सपाता न घालता मागे पट्टा असलेल्या चपला दिल्या. बधिर पायाला चटका बसला तरी कळत नाही, म्हणून गरम पाणी आधी हाताने पाहूनच त्याला देत. बोटांच्या व्यायामासाठी आईने त्याला तांदूळ निवडायला बसविले. तो म्हणतो, "पहिल्या दिवशी खडा हाताला लागत नव्हता. ज्या दिवशी लागला, त्या दिवशी मी रडलो."

पहिल्या महिन्यात वॉकर, चौथ्या महिन्यात काठी, वर्षाच्या आत काठीशिवाय चालणे. राहिलेला अभ्यासक्रम त्याने नंतर पूर्ण केला. पायांच्या बोटांचा बधिरपणा मात्र अजून आहे आणि अंधारात तो जपून चालतो. हे मी मुद्दाम सांगतो. वेळेवर उपचार झाल्यास बहुतेक रुग्ण आठवड्या-महिन्यांत पुष्कळ सुधारतात. परंतु प्रत्येकाचे सारे नुकसान भरून येतेच असे नाही. जितका उशीर, तितके शिल्लक अपंगत्व जास्त.

आपल्या महाराष्ट्राशी याचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे. बी-१२ हे भाजीपाल्यात आणि धान्यात नसते. ते दूध, दही, अंडी, मासळी, मटण, काळीज यांत असते. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ग्रामीण आणि शहरी अशा ४४१ पुरुषांपैकी सुमारे दोन-तृतीयांश जणांत बी-१२ कमी आढळले होते. कोणी धर्माने शाकाहारी असतो, तर कोणाला दूध-अंडी परवडत नाहीत म्हणून शाकाहार घडतो. ज्याच्या खात्यावर मुळातच शिल्लक कमी, त्याचे खाते गोठले तर दिवाळे लवकर निघते. म्हणून आपल्याकडची मुले परदेशी जाऊन या फंदात पडली तर त्यांना धोका अधिक. तसेच बी-१२ कमी असल्याचे ज्यांना माहीत आहे, त्यांनी कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञांना तसे आवर्जून सांगावे. परवडेल त्याने ताटात अंडे, दही, सुकट-बोंबील ठेवावे. कट्टर शाकाहारी असेल त्याने डॉक्टरांना विचारून गोळी घ्यावी.

दुसरी गोष्ट. हुंगण्याची नशा आपल्या वस्त्यांत अपरिचित नाही. व्हाइटनर, पंक्चरचे सोल्यूशन रुमालावर घेऊन हुंगणारी पोरे आपण स्टेशनवर पाहतो. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत असे दिसले की, हुंगण्याच्या पदार्थांचा वापर प्रौढांत ०.५८ टक्के, तर १० ते १७ वर्षांच्या मुलांत १.१७ टक्के आहे. बाकी नशा मोठ्यांत जास्त, ही मात्र लहानांत जास्त! त्या पदार्थांची रसायने वेगळी आणि इजाही वेगळी. परंतु "यात काय होते? दोन मिनिटांची तर गंमत!" हे वाक्य तेच असते.

पंचशीलातील पाचवे शील आपण नित्य म्हणतो. ते केवळ बाटलीपुरते आहे असे समजून कोणी फुग्याला सूट देऊ नये. माणसाची सावधता जी वस्तू हिरावून घेते, ती बाटलीतून येवो की फुग्यातून, एकच.

पालकांना माझी विनंती आहे. मुलगा फोनवर "पायाला मुंग्या येतात, तोल जातो" म्हणाला तर "नीट जेवत जा" म्हणून फोन ठेवू नका. शांतपणे विचारा. रागावलात तर तो पुढच्या वेळी सांगणार नाही. आणि खरे सांगितलेच, तर घराची अब्रू गेली म्हणून त्याला तोडू नका. ज्या मुलाची हकीकत मी सांगितली, त्याच्या बापाने पहिल्या फोनवर एकच वाक्य उच्चारले होते, "आधी बरा हो, बाकीचे नंतर पाहू." तेवढ्या वाक्यावर तो मुलगा उभा राहिला असे मी मानतो.

नाद सुटत नसेल तर मदत घेण्यात कमीपणा नाही. पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेले मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र अनेकांना ठाऊक आहे. केंद्र सरकारची व्यसनमुक्तीसाठीची १४४४६ ही निःशुल्क दूरध्वनी सेवाही आहे. पायांवर उपचार आणि मनावर उपचार हे दोन्ही बरोबरीने झाले तरच रुग्ण पुन्हा सिलिंडरकडे वळत नाही.

संस्थेला माझी एक सूचना आहे. परदेशी शिकायला निघालेल्या विद्यार्थ्यांचा आपण दरवर्षी सत्कार करतो. शाल, पुष्पगुच्छ अवश्य द्यावेत. त्याचबरोबर तेथे आधीपासून असलेल्या आपल्या एखाद्या विद्यार्थ्याचा पत्ता आणि फोन नंबरही द्यावा. एकट्या पडलेल्या मुलाला बोलावून जेवू घालणारे कोणी असेल, तर त्याच्या खोलीत सिलिंडर यायची शक्यता कमी होते. याला निधी लागत नाही, फक्त एक वही लागते. ती वही ठेवण्याचे काम मी करावयास तयार आहे. सभेनंतर ज्यांना नावे द्यायची असतील त्यांनी माझ्याकडे द्यावीत.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या आधी तुमच्या घरातल्या किती माणसांनी उन्हातान्हात पायपीट केली, म्हणून आज तुम्ही विमानाच्या पायऱ्या चढता आहात. ते पाय दोन मिनिटांच्या हसण्यासाठी गहाण टाकू नका.

जयभीम!